पळायचं, तेही लोकांसमोर?



मागच्या वर्षी वार्षिक सभेच्या तयारीची बैठक होती. हिशोब, ऑडिट, पदाधिकारी निवड असे सगळे विषय झाले. शेवटचा विषय मी घातलेला होता : सभेच्या दिवशी सकाळी महिलांची तीन किलोमीटर धावण्याची शर्यत. "नावं द्या," म्हटलं आणि खोलीत एकदम शांतता. ज्या बायका बँकेच्या साहेबाला उभ्याउभ्या प्रश्न विचारतात, त्या चटईच्या काड्या मोजायला लागल्या. एक ताई म्हणाल्या, "त्यापेक्षा लिंबू-चमचा ठेवा ना." दुसऱ्या म्हणाल्या, "संगीत खुर्ची बरी." मग मागून एका आजींनी विचारलं, "मॅडम, तुम्ही पळता का?"

मी पळत नव्हते. कॉलेजात असताना महिलांच्या आरोग्यावर मी मोठा प्रकल्प लिहिला होता, पण शाळा सुटल्यापासून एसटी पकडण्यापुरतं सोडलं तर धावल्याचं आठवत नव्हतं. मी काहीतरी गोलमाल उत्तर दिलं. आजी हसल्या आणि विषय संपला. त्या वर्षी लिंबू-चमचाच झाला, पहिल्या आलेल्या ताईंना स्टीलचा डबा मिळाला.

या वर्षी शर्यत पुन्हा विषयपत्रिकेवर आहे. म्हणून या अंकातला पाठ तिच्यावर. गटात जिला वाचायला आवडतं तिनं मोठ्यानं वाचावा, बाकीच्यांनी मध्येच अडवून बोलावं. एका बैठकीत नाही संपला तर दोन बैठका घ्या.

भीती नेमकी कशाची?

गेल्या काही महिन्यांत मी जिथं जिथं गेले तिथं हा प्रश्न विचारला. उत्तरं साधारण अशी आली : दम लागेल. गुडघे दुखतील. पदर सुटेल. लोक हसतील. घरचे काय म्हणतील. शेवटचा नंबर आला तर? आता माझं वय आहे का हे?

यातली पहिली दोन उत्तरं शरीराची आहेत, त्यांच्याकडे पुढे येऊच. बाकी सगळी दुसऱ्यांच्या डोळ्यांची आहेत. पाय पळू शकत नाहीत असं कोणी म्हणत नाही, पळताना कोणी बघेल याची धास्ती आहे. गंमत अशी, की आपण पळतो. द्राक्षाच्या छाटणीला नेणारी पिकअप सुटेल म्हणून हातात जेवणाचा डबा घेऊन धावतो. पाऊस आला की वाळत घातलेल्या नागलीकडे धावतो. शेळी दुसऱ्याच्या वावरात शिरली तर तिच्या मागं बांधांवरून उड्या मारत जातो. तेव्हा कोणी हसत नाही, आपल्यालाही लाज वाटत नाही, कारण ते पळणं कामाचं असतं. लिंबू-चमचासुद्धा चालतो, कारण तो खेळ आहे आणि त्यात हसायचंच असतं. पण "मी स्वतःसाठी, मनापासून, जोर लावून पळणार आहे" असं म्हटलं की जीभ अडखळते. मला वाटतं खरी गोम इथं आहे.

काही जणी विचारतात, "आम्ही दिवसभर राबतो, अजून व्यायाम कशाला?" प्रश्न बरोबर आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसानं आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम कष्टाची हालचाल करावी, आणि त्यात शेतातलं, घरातलं काम, पायी चालणं सगळं धरतात. डोक्यावर हंडा घेऊन विहिरीची चढण चढणारी बाई हा आकडा कधीच ओलांडून जाते. तेव्हा तुम्ही कमी हलता म्हणून पळा, असं मी म्हणणार नाही. शहरातल्या जाहिरातींसारखं वजन घटवा, बारीक व्हा हेही नाही. आपल्यापैकी कितीतरी जणींचं वजन वाढायला हवंय. पण आवणीत सहा-सहा तास वाकून पाठ दुखते आणि शर्यतीत पळताना श्वास मोकळा होतो, यात फरक आहे. आवणी आपण निवडलेली नसते.

आता माझी गोष्ट, थोडक्यात. आजींच्या प्रश्नानंतर मी नाशिकमध्ये एका व्यायामाच्या क्लासला गेले. गाणी लावून नाचत व्यायाम करतात तसला. काचेच्या दारातून आत पाहिलं : चारही बाजूंना आरसे, अंगाला घट्ट बसणारे कपडे घातलेल्या बायका, सगळ्या एका तालात. मी कुर्ता-सलवारमध्ये. दारावरूनच परत आले आणि समोरच्या टपरीवर चहा प्यायले. दुसऱ्या दिवशीही तेच. ग्रामसभेत उठून बोला म्हणून मी तुम्हाला सांगत फिरते आणि मला एक दार ढकलता येत नव्हतं! तिसऱ्या दिवशी शिरले, सगळ्यात मागं उभी राहिले. सगळ्या डावीकडे गेल्या की मी उजवीकडे. दहा मिनिटांनी कळलं, माझ्याकडे कोणीच बघत नव्हतं. जी ती आपापला श्वास सांभाळण्यात गुंतलेली. पुढच्या बाईचाही पाय चुकत होता, तो मला दारातून दिसला नव्हता.

त्यानंतर दोन-अडीच महिने सराव करून पाच किलोमीटरची एक शर्यत पळाले. नंबराचं विचारू नका. माझ्या मागे फार थोडी माणसं होती आणि पुढे गेलेल्यांत नातवंडं असलेल्या बायका होत्या. पण आता आजींना उत्तर देता येतं.

हरसूलच्या रस्त्यावरची मुलगी

कविता राऊत हे नाव आपल्या जिल्ह्यात कोणाला सांगायला नको. त्र्यंबकेश्वर तालुक्यात हरसूलजवळ सावरपाडा आहे, तिथली ही आदिवासी मुलगी. जन्म १९८५ चा. लोक तिला 'सावरपाडा एक्सप्रेस' म्हणतात. तिनं धावणंच का निवडलं याचं तिनं दिलेलं कारण ऐकण्यासारखं आहे : त्याला काही विकत घ्यावं लागत नाही, अनवाणी पळता येतं. शाळेत असताना ती तशीच पळायची. पुढे नाशिकला प्रशिक्षक विजेंद्रसिंग यांच्याकडे सराव सुरू झाला.

२०१० च्या ऑक्टोबरमध्ये दिल्लीत राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या. कविता १०,००० मीटर पळाली. ४०० मीटरचं मैदान असतं, त्याच्या २५ फेऱ्या. ३३ मिनिटं आणि काही सेकंदांत ती तिसरी आली, पुढे दोघी केनियाच्या. राष्ट्रकुल स्पर्धेत धावण्याच्या वैयक्तिक शर्यतीत पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. पुढच्याच महिन्यात चीनमधल्या ग्वांगझू इथं आशियाई स्पर्धेत याच अंतरात रौप्यपदक. २०१२ साली अर्जुन पुरस्कार. एवढं सगळं आपण भाषणात सांगतो आणि टाळ्या वाजवतो.

मला मात्र पुढचं जास्त शिकवतं. दहा हजार मीटरमध्ये नाव झालेली ही बाई तिथंच थांबली असती तर कोणी नावं ठेवली नसती. पण ती मॅरेथॉनकडे वळली. मॅरेथॉन म्हणजे ४२ किलोमीटर आणि वर १९५ मीटर, म्हणजे तिच्या ओळखीच्या अंतराच्या चौपटीहून जास्त. २०१६ च्या फेब्रुवारीत गुवाहाटीला दक्षिण आशियाई स्पर्धेत ती मॅरेथॉन जिंकली आणि त्यावर ऑलिंपिकला पात्र ठरली. ऑगस्टमध्ये ब्राझीलमधल्या रिओला जगातल्या सगळ्यात वेगवान बायकांबरोबर पळाली. नंबर आला १२० वा. तीन तासांना काही सेकंद कमी असताना तिनं रेषा ओलांडली. त्या दिवशी कितीतरी जणींनी शर्यत मध्येच सोडली होती.

१२० वा नंबर. आपल्या शर्यतीत तर एवढ्या बायकाही नसतील. कोणत्याही सावरपाड्याच्या माणसाला विचारा, कविता हरली का म्हणून.

बायकांनी पळू नये, असं कोणी ठरवलं?

"बाईच्या जातीला पळणं सोसत नाही" हे वाक्य फक्त आपल्या पाड्यावरचं नाही, हे साऱ्या जगात फिरून आलंय. १९२८ साली ॲम्स्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्ये बायकांची ८०० मीटरची शर्यत पहिल्यांदा ठेवली. शेवटी काही जणी दमून मैदानावर बसल्या-आडव्या झाल्या. पुरुषही शर्यतीनंतर आडवे होतात. पण वर्तमानपत्रांनी तिखटमीठ लावून लिहिलं आणि ती शर्यतच काढून टाकली. परत सुरू व्हायला १९६० साल उजाडलं, ३२ वर्षं.

अमेरिकेत बोस्टनला जुनी, नावाजलेली मॅरेथॉन होते. १९६७ मध्ये कॅथरीन स्विट्झर नावाच्या वीस वर्षांच्या मुलीनं नावाची फक्त आद्याक्षरं लिहून अर्ज भरला आणि २६१ नंबर छातीला लावून पळायला लागली. वाटेत एका आयोजकानं धावत येऊन तिच्या अंगावरचा नंबर ओढायचा प्रयत्न केला, "माझ्या शर्यतीतून चालती हो" म्हणून. सोबतच्या माणसानं त्याला बाजूला ढकललं आणि कॅथरीननं शर्यत पुरी केली. बोस्टनला बायकांना रीतसर परवानगी मिळाली १९७२ ला. ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन आली १९८४ ला, आणि १०,००० मीटर आले १९८८ ला. म्हणजे कविता राऊतचा जन्म झाला तेव्हा तिची शर्यत ऑलिंपिकमध्ये नव्हतीच! ती तीन वर्षांची झाल्यावर आली.

त्या काळी तिकडच्या बायकांना काय भीती घालायचे माहिती आहे? जास्त पळालीस तर गर्भाशय खाली पडेल. ऐकल्यासारखं वाटतंय ना? आपल्याकडेही अगदी हेच सांगतात. पळाल्यानं धडधाकट बाईचं गर्भाशय पडत नाही. पण या वाक्याच्या आड एक खरं दुखणं लपलेलं असतं, आणि त्याबद्दल मला एका ताईंनी सांगितलं. बैठकीत नाही, बैठक सुटल्यावर मी गाडीला किक मारत असताना.

त्या गटातल्या सगळ्यात चपळ. मला वाटलं होतं त्या पहिलं नाव देतील. त्या म्हणाल्या, "ताई, पळायला काही नाही, पण खोकलं, शिंकलं, उडी मारली की लघवी सुटते. तिसऱ्या बाळंतपणापासून आहे. लोकांसमोर काय करू?" आठ वर्षं त्यांनी हे कोणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्याला नाही, आशाताईंनाही नाही. लांबच्या लग्नाला जायचं त्या टाळतात, एसटीत बसायच्या आधी पाणी पीत नाहीत. शर्यतीचा विषय निघाला नसता तर हे निघालंच नसतं. ज्या शर्यतीत त्यांनी अजून पायही टाकलेला नाही, तिचा त्यांना झालेला हा पहिला उपयोग.

हे त्यांना विचारून लिहितेय, कारण हे एकट्या त्यांचं नाही. बाळंतपणांनंतर ओटीपोटाच्या तळाशी असलेले स्नायू सैल पडतात. पिशवीच्या तोंडाला नाडी असते ना, ती ढिली व्हावी तसं. त्यावर साधा व्यायाम आहे. लघवी रोखून धरताना जे स्नायू आपण आवळतो ते ओळखा. ते हळूच आत ओढायचे, पाच आकडे मोजेपर्यंत धरायचे, मग तेवढाच वेळ सोडायचे. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. भाकरी थापताना करा, बैठकीत बसून करा, कोणाला कळत नाही. पोट आणि मांड्या घट्ट करायच्या नाहीत, श्वास रोखायचा नाही. प्रत्यक्ष लघवी करताना मध्येच थांबवून हा व्यायाम करत बसू नका, तो लघवी झाल्यावर, एरवी करायचा. फरक दिसायला साधारण तीन महिने लागतात, पहिल्या आठवड्यात सोडून देऊ नका.

अंग बाहेर येत असेल, खाली काहीतरी उतरल्यासारखं जड वाटत असेल, तर गोष्ट वेगळी. तिनं आधी ग्रामीण रुग्णालयात जाऊन डॉक्टरांना दाखवायचं. तोवर पळायचं नाही, चालायचं, आणि जमेल तेवढं ओझं कमी उचलायचं. भरलेला हंडा उचलतानाही तिथंच ताण येतो, हे घरच्यांना सांगायला गटाची मदत घ्या.

पळायच्या आधी

आपल्या दशसूत्रीतली पहिली पाच सूत्रं बैठक, बचत, कर्ज, परतफेड, लेखे. ती आपल्याला पाठ आहेत. सहावं आरोग्याचं, तिथं मात्र आपण "हो हो" म्हणून पुढं सरकतो. शर्यतीच्या निमित्तानं एवढं तरी करू.

रक्त तपासून घ्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५४ बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. म्हणजे दहा जणींच्या गटात पाच जणी धरूनच चाला. हिमोग्लोबिन १२ च्या वर हवं. त्याच्या खाली असेल तर गोळ्या सुरू करा, आणि १० च्या खाली असेल तर डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत पळायचं नाही, चालायचं. "मला पळता येत नाही, लगेच दम लागतो" असं जी म्हणते, तिचा दम बऱ्याचदा सवय नसल्यानं लागत नाही, रक्त नसल्यानं लागतो. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नका, तासाभराचं अंतर ठेवा. चहामुळे लोह अंगी लागत नाही. लिंबू पिळून खाल्लं तर उलट जास्त लागतं.

बीपी, शुगर, दमा, हृदयाचं दुखणं असेल, गरोदर असाल किंवा बाळंतपण नुकतंच झालेलं असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाव देऊ नका. पळताना छातीत दुखलं, चक्कर आली, डोळ्यांपुढे अंधारी आली तर तिथंच थांबायचं. "एवढी रेषा गाठते आणि मग बसते" असली जिद्द नको.

सराव विजेच्या खांबांवर करू. घड्याळ लागत नाही. रस्त्यानं आधी दहा मिनिटं भराभर चाला. मग एका खांबापासून पुढच्या खांबापर्यंत हळू पळा, पुढचे दोन खांब चाला. पुन्हा एक पळा, दोन चाला. असं पंधरा-वीस मिनिटं, आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एकेक दिवस विश्रांती. दोन आठवड्यांनी एक पळा, एक चाला. नंतर दोन पळा, एक चाला. आठ आठवड्यांत तीन किलोमीटर होतात, थोडं चालून, थोडं पळून. शर्यतीत चाललं तर बाद करतात असा एक समज आहे. तसं काही नाही. मी माझ्या पाच किलोमीटरमध्ये बरंच चालले.

हळू म्हणजे किती हळू? शेजारणीशी बोलता आलं पाहिजे. दोन वाक्यं सलग बोलता येत नसतील तर वेग जास्त आहे. गाणं म्हणता येत असेल तर थोडा वाढवा. नव्यानं पळणारी प्रत्येक बाई सुरुवातीला फार जोरात पळते आणि तिसऱ्या खांबाला कमरेवर हात ठेवून उभी राहते. मग म्हणते, मला जमत नाही. तारप्याच्या फेऱ्यात रात्रभर नाचणाऱ्या बायका आहेत आपल्यात! तिथं कोणी पहिल्या तासातच सगळा जोर लावत नाही.

आवणी, कापणी, छाटणीच्या दिवसांत सराव सोडून द्या. वाकून आलेली पाठ घेऊन पळू नका, झोप काढा.

दोघी-तिघी मिळूनच जा. उजेड झाल्यावर जा. निफाड-दिंडोरीकडच्या मैत्रिणींनो, उसाच्या कडेनं अंधारात अजिबात नाही, बिबट्याचं तुम्हाला मी काय सांगायचं. डांबरी रस्त्यावर उजव्या कडेनं पळा, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसते. कानात हेडफोन नको.

कपड्यांबद्दल फार विचारणा झाली. ड्रेस घालायची सवय असेल तर ड्रेस, ओढणी तिरकी घेऊन कमरेला बांधलेली. साडीच नेसत असाल तर काष्टा घालून पळा, सहावारीत पाय अडकतो. आतले कपडे मात्र घट्ट आधार देणारे हवेत, हे बूटांपेक्षा महत्त्वाचं. बूट असतील तर ते सरावात वापरून मऊ झालेले असू देत, शर्यतीच्या दिवशी नवे काढू नका, टाचेला फोड येतो. अनवाणी चालायची सवय असलेल्यांनी मऊ मातीवर अनवाणी सराव केला तरी चालेल, पण डांबर तापायच्या आत. पाळी आली असेल आणि पोट दुखत नसेल तर पळायला हरकत नाही. पाळीत पळू नये असं वैद्यकीय कारण नाही.

वयाचं म्हणाल तर बारामतीच्या लता करे आजी तुम्हाला ठाऊक असतील. मूळच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या, मजुरीवर पोट. नवऱ्याच्या तपासणीसाठी पैसे हवे होते म्हणून साठी ओलांडलेल्या या बाई नऊवारी लुगड्यात, अनवाणी तीन किलोमीटरच्या शर्यतीत उतरल्या आणि पहिल्या आल्या. नंतरही जिंकल्या. २०२० साली त्यांच्यावर 'लता भगवान करे' हा सिनेमा आला, त्यात त्यांनी स्वतःच काम केलंय. राष्ट्रीय पुरस्कारांत त्याचा खास उल्लेख झाला. ही गोष्ट सांगताना सगळे भारावतात. मीही भारावते, पण मला एक काटा टोचतो : उपचाराच्या पैशांसाठी साठीच्या बाईला पळावं लागलं, ही काही आनंदाची गोष्ट नाही. आपली शर्यत तशी नको. आजारपणासाठी गटाचं अंतर्गत कर्ज आहे, महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे, तिची माहिती मागच्या बैठकीत दिलीय. पळायचं ते हौसेनं.

शर्यतीच्या दिवशी

आदल्या रात्री नेहमीचं जेवण, लवकर झोप. सकाळी तास-दीड तास आधी एक केळं किंवा अर्धी भाकरी आणि थोडं पाणी. रिकाम्या पोटी नको, पोट भरूनही नको. नंबराचा कागद छातीवर चार पिनांनी लावायचा, पाठीवर नाही.

सुरुवातीला मागं उभ्या राहा. पुढं पोरी असतील, त्या बाणासारख्या सुटतील. त्यांच्या मागं लागायचं नाही. पहिला अर्धा किलोमीटर सरावापेक्षाही हळू. पाणी वाटतील तिथं थांबून दोन घोट घ्या, ग्लास वाटेत टाकू नका, मागचीचा पाय घसरतो. रेषा ओलांडल्यावर लगेच बसायचं नाही, पाच मिनिटं चालत राहायचं, मग लिंबू-मीठ-साखरेचं पाणी.

शेवटी येणाऱ्या बाईच्या मागे आपली एक गाडी हळूहळू चालेल, त्यात पाणी आणि आशाताई असतील. कोणी एकटी मागं राहणार नाही. या वर्षी आणखी एक ठरवलंय : सगळ्यात शेवटी मी पळणार आहे. माझ्या मागं कोणीच नसेल. म्हणजे शेवटचा नंबर माझा, तो आधीच गेलेला आहे, त्याची काळजी तुम्ही करू नका.

घरच्यांचं मी विसरले नाहीये. एका गावात सुनेनं नाव दिलं आणि घरात दोन दिवस अबोला होता. मग सासूबाई स्वतः सरावाला बघायला आल्या, खांबाशी उभ्या राहिल्या आणि तिसऱ्या दिवशी सुनेला म्हणाल्या, "एवढी हळू काय पळतेस?" सगळीकडे असं होईल असं नाही. जिथं घरात खरंच त्रास होईल तिथं जबरदस्ती करू नका. त्या मैत्रिणीला पाणी वाटायच्या टेबलावर घ्या, नंबर लिहायला घ्या. मैदानावर ती आली पाहिजे, कशीही.

बैठकीत बोलण्यासाठी

आपण शेवटचं कधी पळालो, आणि कशासाठी? लहानपणी आपल्या गावातली सगळ्यात जोरात पळणारी मुलगी कोण होती, ती आज काय करते? आपल्या गटातल्या किती जणींनी या वर्षात रक्त तपासलं? हा शेवटचा प्रश्न सचिवांनी वहीत लिहून घ्यावा, आकडा ग्रामसंघात सांगायचाय. ज्या दुखण्याबद्दल बैठकीत बोलता येत नाही, ते कोणाजवळ बोलता येईल, तिचं नावही ठरवा.

सराव येत्या सोमवारपासून, दर सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी साडेसहाला आपापल्या गावच्या शाळेसमोर. नावं ग्रामसंघाच्या अध्यक्षांकडे द्यायची, फी नाही. रक्त तपासलेली चिठ्ठी सोबत हवी. मागच्या रांगेतल्या आजींनी त्यांचं नाव दिलंय, वय ६७, चालत येणार आहेत. आणि त्या गाडीजवळ बोललेल्या ताईंचा व्यायाम सुरू होऊन आता सातवा आठवडा चालू आहे. परवा फोनवर म्हणाल्या, "शिंक आली, ताई. काही नाही झालं."